घराच्या तपासणीत ओल आढळली. व्यवहार पुढे न्यावा की थांबावे?

नमस्कार. एका जुन्या घराचा व्यवहार आम्ही जवळजवळ ठरवत आणला होता, परंतु इसार देण्यापूर्वी करून घेतलेल्या तपासणीत पाण्याने झालेले नुकसान समोर आले. त्यामुळे जाणकारांचा सल्ला हवा आहे.

मागच्या खोलीतले लाकडी कपाट सरकवले तेव्हा त्यामागच्या भिंतीला जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत पोपडे सुटलेले दिसले आणि बोट फिरवताच पिठासारखी पांढरी पूड हाताला लागली. उरलेल्या तिन्ही भिंतींना नुकताच रंग दिलेला आहे. त्याच खोलीच्या दाराच्या चौकटीत, अगदी तळाशी, तपासणीस आलेल्या अभियंत्यांनी स्क्रूड्रायव्हर टोचला, तर तो फारसा जोर न लावता आत गेला. न्हाणीघराशेजारी छतावर तपकिरी कडेचा एक डागही आहे, पण तो कोरडा आहे.

मालक म्हणतात की नळाची जुनी गळती होती आणि ती केव्हाच दुरुस्त केली. छताच्या डागापुरते ते मला पटते. भिंतीबाबत मात्र पटत नाही, कारण जमिनीतून विटांमधून वर चढणारी ओल बहुधा 1 मीटरच्या आतच थांबते आणि पाणी सुकताना क्षार पृष्ठभागावर सोडून जाते. इथली खूण नेमकी तशीच आहे. तसे असेल तर नुसता गिलावा बदलून भागणार नाही, जोत्याशी ओलरोधक थर नव्याने करावा लागेल. शिवाय भिंत सुकायला दर 25 मिलिमीटर जाडीमागे साधारण एक महिना धरतात, म्हणजे 230 मिलिमीटरची भिंत कोरडी व्हायला नऊ महिने. माझ्या आईला दमा आहे, तेव्हा तोवर त्या खोलीत बुरशी धरली तर तिला तिथे ठेवणे मला शक्य नाही.

घराची रचना आणि उजेड आम्हा सर्वांना मनापासून आवडला आहे, म्हणून लगेच नकार देण्याची इच्छा होत नाही. ज्यांनी अशी ओल काढून घेतली आहे त्यांनी कृपया सांगावे, की ती पुन्हा वर आली का, आणि रंगवलेल्या भिंतींचा थोडा गिलावा खरवडून पाहण्याची परवानगी मालकांकडे मागणे रास्त ठरेल का. त्यांनी ती नाकारली, तर तेवढ्यावरून माघार घ्यावी, की दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा? येत्या रविवारी त्यांना उत्तर द्यायचे आहे.