मदत हवी आहे: पावसाळ्यात नायलॉन लायनर ठिसूळ होतायत

नमस्कार मंडळी. कुडाळ एमआयडीसीत आमचं छोटं मोल्डिंग युनिट आहे. रेल्वे रुळाची क्लिप आणि रुळाचा तळ यांच्यामध्ये बसतो तो काचतंतू मिसळलेला नायलॉन-६६ चा लायनर करून बघतोय. हा तुकडा रूळ जागेवर धरतो, शिवाय सिग्नलच्या सर्किटसाठी विद्युतरोधकही असतो, म्हणून तडजोड नको. जूनपासून नगावर चंदेरी रेघा येतात, हातोडीखाली तडा जातो. नायलॉन दमट हवेतली ओल ओढतो, आणि ओलसर दाणे वितळवले की नग असा बिघडतो. दाणे ८० अंशांवर ४ तास सुकवतो, पण हॉपर ड्रायर (मशीनवर बसणारा, गरम हवेने दाणे सुकवणारा) कोकणातली तीच दमट हवा आत घेतो ना! डीह्युमिडिफायिंग ड्रायर (हवेतली ओल आधी काढून टाकणारा) घ्यावाच लागेल का? की व्हॅक्यूम ओव्हनवर भागेल? मोल्डिंगनंतर तयार नगाचा ठिसूळपणा कमी व्हावा म्हणून तो पाण्यात किती वेळ ठेवता? अनुभवी लोकांनी कृपया सांगा.