फक्त कमाल प्रवेग जुळवून भागत नाही

‘जमिनीचा कमाल प्रवेग ०.४ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.४ पट) असला की भूकंप जवळचा काय नि लांबचा काय, पुलाला सारखाच’ असं म्हणतात. हे ठेंगण्या, ताठ पुलापुरतं एक वेळ चालेल. दीडशे-दोनशे मीटर गाळ्याच्या (दोन खांबांमधल्या अंतराच्या), उंच खांबांच्या बॉक्स गर्डर (पोकळ पेटीसारख्या तुळईच्या) पुलाचा आडवा आवर्तनकाल, म्हणजे एक पूर्ण हेलकावा घ्यायला लागणारा वेळ, सहज दोन-तीन सेकंद असतो. तिथे प्रवेगापेक्षा जमिनीचा वेग महत्त्वाचा. भ्रंशाजवळ (जमिनीतल्या ज्या भेगेवर भूकंप होतो तिच्याजवळ) सगळी ऊर्जा एका-दोन मोठ्या हेलकाव्यांत येते, डॅम्पिंगला (हेलकावे जिरवणाऱ्या अवरोधाला) काम करायला वेळच मिळत नाही आणि खांब कलंडलेलाच राहतो. लांबच्या भूकंपात मऊ मातीवर हेलकावे कमी जोराचे, पण कितीतरी जास्त: आधी खांबाच्या सळ्यांवरचं काँक्रीटचं कव्हर सुटतं, मग उभ्या सळ्यांना वेढणाऱ्या रिंगा उघडतात, शेवटी उभ्या सळ्या बाक घेतात. १९९९ मध्ये तुर्कस्तानातल्या ड्यूझजेच्या भूकंपात भ्रंश बोलू व्हायाडक्टच्या (दरीवरच्या लांब पुलाच्या) खालूनच फाटत गेला. तिथे हादऱ्याबरोबर जमीनही कायमची सरकली, डेक (पुलाचा वरचा भाग) खांबावरच्या बेअरिंगवरून, म्हणजे आधाराच्या गादीवरून, घसरला.

सहसा राहून जाणारा मुद्दा उभ्या धक्क्याचा. तो सरसकट आडव्याच्या दोन-तृतीयांश धरतात, पण भ्रंशाजवळ आखूड आवर्तनकालांत आडव्यापेक्षाही जास्त भरू शकतो. गाळ्याच्या मध्यावर प्रिस्ट्रेसच्या (काँक्रीट आधीच दाबून धरणाऱ्या, ताणलेल्या) केबली तळाशी असतात. डेक वर उसळला की वजनाचा दाब घटतो, केबलींचा वरचा रेटा मात्र तसाच, त्यामुळे ओढीचा ताण येतो वरच्या स्लॅबला, जिथे सळई बहुधा किमानच घातलेली असते.