डोंगरावरून लढाऊ विमानांचे फोटो काढणं: नुसता शौक की गैर काम?

अचलपूरकर

परवा गावच्या ग्रुपवर एकाने स्वित्झर्लंडच्या आक्साल्पचे फोटो टाकले आणि लगेच दोन तट पडले. एक म्हणे लय भारी, दुसरा म्हणे फौजेच्या विमानाचे फोटो काढणं हेच मुळात गैर, मग देश कोणताही असो. तिथे धड बोलणं होत नाही म्हणून इथे सविस्तर लिहितो. माझं मत पक्कं आहे: असे फोटो काढू दिले पाहिजेत आणि आपल्याकडेही अशी एखादी जागा पाहिजे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ब्रिएंझ तलावाच्या वरच्या अंगाला आक्साल्प नावाचं गाव आहे, त्याच्याही वर एबेनफ्लू म्हणून स्विस हवाई दलाची फायरिंग रेंज, उंची साधारण २२५० मीटर. १९४२ पासून तिथे वैमानिक खऱ्या गोळ्यांचा सराव करतात आणि ऑक्टोबरमधला हा सराव लोकांना बघायला खुला असतो. लोक भल्या पहाटे डोंगर चढतात, थंडीत कड्यावर जागा धरून बसतात, मग जवळच्या मायरिंगेन तळावरून उडालेली एफ/ए-१८ हॉर्नेट लढाऊ विमानं दरीत शिरतात, समोरच्या उतारावरच्या निशाण्यावर २० मिमीची तोफ चालवतात आणि तिथूनच पलटी घेऊन वर निघून जातात. पात्रुई स्विस ही त्यांची सहा एफ-५ टायगर विमानांची लाल-पांढरी कसरतीची टीम, तीसुद्धा तिथे उडते.

आता फोटोचं. आपण खालून बघतो तेव्हा विमानाचं काय दिसतं? करडं पोट आणि मागे पांढरं आभाळ, वेगाचा पत्ताच लागत नाही. आक्साल्पला विमान तुमच्या नजरेच्या रेषेत येतं, कधी तर पायाखालून जातं. ग्रुपवर आलेल्या एका फोटोत हॉर्नेट अख्खं आडवं वळलेलं आहे, पाठ पूर्ण आपल्याकडे, पंखांवर दमट हवेची पांढरी वाफ दाटलेली, कॉकपिटच्या काचेतून वैमानिकाचं वळवलेलं हेल्मेट दिसतंय आणि मागचा खडक नि पिवळं पडलेलं गवत नुसत्या रेघा होऊन पळतंय. त्या माणसाच्या शरीरावर किती जोर पडत असेल ते हा एक फोटो सांगतो, दहा भाषणं सांगणार नाहीत.

दुसरं म्हणजे हा लोकांचा पैसा आहे. स्वित्झर्लंडमध्ये २०१४ ला ग्रिपेन ही लढाऊ विमानं घ्यायची की नाही यावर लोकांनी मतदान केलं आणि ५३.४ टक्के लोकांनी नाही म्हटलं. २०२० ला नव्या विमानांसाठी ६ अब्ज फ्रँकचा प्रस्ताव आला तो ५०.१ टक्क्यांवर कसाबसा निघाला. जिथे शेतकरी, दुकानदार मत देऊन विमान ठरवतो तिथे त्याला ते जवळून बघू देणं हे उपकार नाहीत, तो त्याचा हक्क झाला. आपल्याकडे हिमालय आहे, सह्याद्री आहे, आमच्या तर दाराशी चिखलदरा आहे. वर्षातून एक दिवस दरीतून विमानं उडवा, लोकांना कड्यावर बसू द्या. कोणाचं काय बिघडतं?

माजी_फौजी_पुलगाव

अचलपूरकर भाऊ, फोटो भारीच आहेत, ते मी नाकारून नाही राह्यलो. पण तुमी दोन देशांची बरोबरी करून राह्यले, तिथंच मले पटत नाही. स्वित्झर्लंड तटस्थ देश, त्यायच्या कितीक पिढ्यायनं लढाई पाह्यली नाही. आपल्या सीमा कायम तापलेल्या. २०२५ च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर झालं आन् त्याच महिन्यात डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, आदेश आला का लष्करी विमानतळावरून जाणाऱ्या प्रवासी विमानात १०,००० फुटांपर्यंत खिडक्या बंद ठेवायच्या, फोटो-व्हिडिओ काढायचे नाही. हे काहून? एका खिडकीतल्या फोटोत धावपट्टी, हँगर, कोणतं विमान कुठं उभं आहे, सारं येते. वरून मोबाईल त्या फोटोत वेळ आन् जागा आपोआप लिहून ठेवते.

आमचं पुलगाव म्हणजे दारूगोळ्याचं केंद्रीय भांडार. २०१६ ची ती आग आमी पाह्यली, जवान गेले त्यात. अशा जागेच्या आसपास वाढलेल्या माणसाले कॅमेरा बाहेर काढायचं सुचतच नाही, आन् ते बरोबरच आहे. १९२३ चा ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट अजून जागेवर आहे. पोट्ट्यायले तुमी डोंगरावर मोकळीक दिली का उद्या ते नागपूरच्या सोनेगाव हवाई तळाच्या कुंपणावर चढतीन, मंग पोलीस धरतीन तवा कोण सोडवाले जाईन?

अचलपूरकर

काका, तळाचा फोटो आणि प्रदर्शनाचा फोटो तुम्ही एकाच दावणीला बांधताय. कुंपणावर चढणाऱ्याला धरलंच पाहिजे, त्यात वादच नाही. पण प्रदर्शनात काय दाखवायचं, कोणतं विमान, किती उंचीवर, हे हवाई दल स्वतः ठरवतं ना. बंगळुरूजवळचं येलहंका हा हवाई दलाचाच तळ आहे, तिथे १९९६ पासून एरो इंडिया हे विमानांचं प्रदर्शन भरतं आणि लोक हातहात लांब लेन्स घेऊन जातात. २०२२ ला चंडीगडला सुखना तलावावर वायुसेना दिनाचा फ्लायपास्ट झाला, तिथे तर ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल होता. नियम घाला, जागा आखून द्या. नुसती भीती दाखवून लोकांना लांब ठेवलं तर चोरून काढणारेच वाढतात.

मेळघाटची_मास्तरीण

चिखलदऱ्याचं नाव वाचलं म्हणून लिहायला बसले. फोटोवाल्यांवर माझा राग नाही, पण दादा, तुम्ही जागा सुचवताना तिथं कोण राहतं ते बघितलंच नाही. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी. वाघ, अस्वल, गवे, आणि त्याच जंगलात आमची कोरकू गावं. तुम्ही अचलपूरहून घाट चढून येता, पॉइंट बघता, मक्याचं कणीस खाता आणि संध्याकाळी परत जाता. इथं रात्र काढणाऱ्याला विचारा.

पंचबोल पॉइंटला गेलाच असाल. माणूस ओरडला तर आवाज पाच वेळा फिरून येतो म्हणतात ना तिथं? त्या दरीतून जेट गेलं तर काय होईल याचा विचार करा. दोन्हीकडचे कडे आवाज फेकत राहणार, गाभण जनावरं दावं तोडून पळणार, जंगलातलं जनावर तर कुठल्या कुठं जाईल. माझ्या शाळेतली लहान मुलं फटाक्याला घाबरून बाकाखाली बसतात.

आणि स्वित्झर्लंडमध्ये सगळं गोडीगुलाबीचं आहे असंही नाही. मायरिंगेनच्या खोऱ्यातले लोक हॉर्नेटच्या आवाजाला कंटाळून वर्षानुवर्षं तक्रारी करतात. तिथं निदान ऑक्टोबरपर्यंत गुरं वरच्या कुरणातून खाली आणलेली असतात. आमच्याकडे ऑक्टोबरात गुरं रानातच, माणसं सोयाबीन काढणीत. तुमच्या एका दिवसाच्या फोटोसाठी आमची दरी देणार नाही, हे माझं साफ मत आहे.

कॅमेरावाला_आर्णी

मी लग्नाचे फोटो काढतो, विमानांचा नाद वेगळा. मास्तरीण ताईंशी सहमत, पण माझा मुद्दा दुसरा आहे, अचलपूरकरांनी फोटोबद्दल जे लिहिलं तेच मला अर्धवट वाटतं. डोंगर असला की फोटो चांगला येतो हा गैरसमज आहे. आक्साल्पचे शंभर फोटो एका शेजारी एक लावून बघा, बहुतेक सारखेच दिसतील, कारण सगळे त्याच दोन-चार कड्यांवर उभे, विमान त्याच वळणावर, लांबचं जवळ आणणारी लेन्स तीच १००-४०० नाहीतर १५०-६०० मिमीची. तिथे जागेने अर्धं काम करून ठेवलेलं असतं.

मागचा खडक रेघा होऊन पळतोय म्हणता, तो डोंगरामुळे नाही पळत, हातामुळे पळतो. शटर सेकंदाच्या १/१६०० वर ठेवलं तर विमानही गोठतं आणि खडकही, मग ते भिंतीवर चिकटवल्यागत दिसतं. १/२५० च्या आसपास उतरायचं, कंबरेतून वळत विमानाबरोबर लेन्स फिरवायची, बटण दाबल्यावरही फिरवणं थांबवायचं नाही, तेव्हा ढिगातून एखादा निघतो. हेलिकॉप्टरचं तर आणखी वेगळं. हवाई दलाच्या सारंग टीमची ध्रुव हेलिकॉप्टर १/१६०० ने काढली की पाती थांबलेली दिसतात, फोटो मेला. तिथे १/२०० पाहिजे. आभाळ पांढरं असलं की कॅमेरा फसतो आणि विमान काळं करतो, एक स्टॉप वाढवावा लागतो, म्हणजे उजेड दुप्पट घ्यावा लागतो, काळ्या खडकासमोर बरोब्बर उलटं. हे सगळं नागपूरला शिकता येतं. २०२२ च्या नोव्हेंबरात वायुसेना नगरात एअर फेस्ट झाला, हवाई दलाची सूर्यकिरण ही कसरतीची टीम आली होती. जो तिथं नीट काढू शकत नाही त्याला आल्प्सवर नेऊन बसवलं तरी काही होणार नाही.

डोंगराचा खरा फायदा मी एकच मानतो आणि तो हवेचा. आपल्याकडे फेब्रुवारी सरला की दुपारी जमिनीवरची हवा थरथरायला लागते, लेन्स लाखाची असली तरी फोटो पाण्यातून काढल्यासारखा येतो. उंचीवर थंड हवेत ती भानगड कमी. पण त्याला उपाय आहे, सकाळी लवकर काढा. आपल्याकडचे कार्यक्रम सकाळी आठला ठेवले तर गर्दीचेही हाल वाचतील. २०२४ ला चेन्नईच्या मरिना बीचवर एअर शो भर उन्हात झाला आणि त्यात लोकांचे जीव गेले. यावर कोणी बोलत नाही आणि आपण दरी शोधत बसतो.

राळेगावची_लेक

सगळे शटरवर बोलताय म्हणून विचारते. त्या तोफा खऱ्या आहेत ना? खऱ्या गोळ्या सुटताना बघून कड्यावर टाळ्या वाजतात, आणि आपण म्हणतो वाफ किती सुंदर आली. माझा भाऊ सीमेवर आहे. माझी आई विमानाचा व्हिडिओ बघून खूश होत नाही, तिच्या पोटात गोळा येतो. ज्या घरातला माणूस त्या कामात आहे त्या घराला हा देखावा वाटत नाही हो.

आणि दरीत वैमानिकाला चुकायला जागा नसते. २०१६ ला मायरिंगेनवरूनच उडालेलं एक हॉर्नेट सुस्टेन खिंडीपाशी डोंगराला धडकलं, वैमानिक गेला. अमेरिकेत डेथ व्हॅलीत लोक कड्यावरून असेच फोटो काढायचे, २०१९ ला तिथे विमान पडलं, वैमानिक गेला आणि बघायला आलेले सात जण जखमी झाले. त्याच वर्षी एरो इंडियाच्या सरावात सूर्यकिरणची दोन विमानं एकमेकांवर आदळून एक वैमानिक गेला. फोटोसाठी हे वाढवायचं?

अचलपूरकर

ताई, तुमच्या आईची काळजी मला कळते. पण आक्साल्पला गोळीबार आधीपासून आहे, लोक नंतर आले. प्रेक्षक नसले तरी वैमानिकाला दरीत तो सराव करावाच लागणार, कारण त्यांचा देशच डोंगरांचा आहे. आणि सुस्टेनचा अपघात प्रदर्शनातला नव्हता, ढगांतून वर चढताना जमिनीवरच्या हवाई नियंत्रकाकडून उंची कमी सांगितली गेली होती.

चिखलदऱ्याचा हट्ट मी धरत नाही, मास्तरीण ताईंच्या गुराढोरांचा मुद्दा मोठा आहे. जागा दुसरी बघा, हिमालयात बघा. पण फोटो नकोच म्हणणाऱ्यांना एक विचारतो. मिग-२१ १९६३ मध्ये हवाई दलात आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला निरोप घेऊन गेलं, म्हणजे ६२ वर्षं. ज्यांनी ते उडवलं, ज्यांनी दुरुस्त केलं, ज्यांचे त्यात जीव गेले, त्यांच्या गावात त्या विमानाचा उडतानाचा, जवळून काढलेला, साध्या माणसाने काढलेला फोटो किती घरांत आहे? तिकडे एफ-५ टायगर आता जायच्या वाटेवर आहे, पण त्याचा प्रत्येक रंग, प्रत्येक वळण लोकांनी टिपून ठेवलंय. सरकारी फोटो असतात, पण ते चार-पाच ठरलेले. आपल्या माणसाने आपल्या नजरेने काढलेला फोटो वेगळा असतो आणि तो राहिला पाहिजे.

माजी_फौजी_पुलगाव

मिगचं बोलले ते मले लागलं. तरी माझं म्हणणं कायम, खुल्या रानात मोकळीक नाही. करायचं असन तर असं करा: नागपूरले पुढच्या येळी कार्यक्रम झाला का फोटोवाल्यायसाठी उंच मचाण बांधून मागा, नाव-आधार लिहून पास घ्या, सकाळची येळ मागा, जमिनीवरचं काही टिपायचं नाही आन् फोटो टाकताना जागेची नोंद काढून टाका. तसा अर्ज कोणी लिहित असन तर मी सही करतो. मेळघाट आन् कुंपण, दोन्हीले माझा विरोध.

मेळघाटची_मास्तरीण

मचाणाच्या अर्जावर माझीही सही घ्या काका. शाळेतल्या मुलांना नागपूरला घेऊन येईन, पण मुलांसाठी जागा मचाणापासून लांब आणि सावलीत हवी, तेही अर्जात लिहा.