बाऊजींना ‘देसात’ परत जायचंय. असं कोणी परत गेलंय का?

मोंढेकर

घरात भांडण होण्याआधी इथे विचारून घेतो.

माझे वडील, आम्ही त्यांना बाऊजी म्हणतो, वय ७९. मूळ बीकानेरचे. १९६८ साली बावीस वर्षांचे असताना जालन्याच्या मोंढ्यात एका अडत दुकानात मुनीम म्हणून आले. पुढे स्वतःची अडत काढली, ती २०१५ मध्ये बंद केली. तेव्हापासून पुण्यात माझ्याकडे आहेत. दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि तेव्हापासून एकच धोशा: ‘म्हनै देस जावणो है.’

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मारवाडीत जगाचे दोनच भाग असतात. देस आणि दिसावर. जिथे घर ते देस, जिथे पोट ते दिसावर. बाऊजी सत्तावन्न वर्षं महाराष्ट्रात आहेत, मोंढ्यात शेतकऱ्याशी अस्सल मराठवाडी मराठीत वाद घालायचे, पण त्यांच्या हिशेबी हे सगळं दिसावरच. आईला अग्नी दिला तो गावसुद्धा.

मी त्यांना एकदा विचारलं होतं, तुम्ही गेलात का? मला वाटलं दुष्काळ, पाणी, वाळू असं काही सांगतील. हसले. म्हणाले, पाण्यासाठी कोण घर सोडतो, घरात कुंड होतं. (गच्चीवरचं पावसाचं पाणी तळघरातल्या कुंडात उतरायचं, त्याला कुलूप असायचं. तिजोरीला नव्हतं म्हणे.) खरं कारण असं की आजोबांची लोकरीची दलाली होती, ती एका मुलाचं पोट भरेल एवढीच. भाऊ चार. मोठ्याला दलाली, बाकी तिघांना दिसावर. एक कलकत्त्याला, एक आसामात, आणि हे जालन्याला. अजमेर, खांडवा, पूर्णा असं मीटरगेजने हेलकावे खात.

मी स्वतः पाचवीपर्यंत तिथेच आजीजवळ होतो. मला आठवतो तो उन्हाळाच. संध्याकाळी गच्चीवर बादल्या ओतायच्या, फरशीतून वाफ निघायची, मग खाटा टाकायच्या. मध्यरात्री आंधी आली की उशी काखेत घेऊन जिन्यात पळायचं. दातांत कचकच वाळू.

आता प्रत्यक्ष परिस्थिती. मोहता चौकाच्या मागच्या गल्लीत जुनी हवेली, लाल दुलमेरा दगडाची. त्यात आमच्या वाट्याला तीन खोल्या. सहा वर्षं कुलूप. बाऊजींना मधुमेह, एक गुडघा बदललेला. माझी बायको साताऱ्याची, तिचं म्हणणं, ‘मी महिनाभर येईन सोबत, पण हिवाळ्यात. मे महिन्यात तिथे जाणं म्हणजे बाऊजींना तंदूरमध्ये ठेवणं.’

प्रश्न दोन. वाळवंटातल्या आपल्या गावी इतक्या वर्षांनी परत गेलेलं कोणी आहे का? आणि टिकलं का?

---

नाशिकची_माहेरवाशीण

मी परत गेलेली नाही, पण नऊ वर्षं बीकानेरात काढलीत. नवरा तिथल्या शेती संशोधनात होता. तेव्हा भावना बाजूला ठेवून घरगुती माहिती देते.

पाणी: शहराला आता इंदिरा गांधी कालव्याचं पाणी येतं, थेट पंजाबातल्या हरिके बंधाऱ्यावरून. पण दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी दुरुस्तीसाठी कालवा बंद करतात. त्याला तिथे ‘नहरबंदी’ म्हणतात. तेव्हा नळ एक दिवसाआड. पहिल्या वर्षी मला हा शब्दच माहीत नव्हता, मी ऐन त्या आठवड्यात दिवाणखान्याचे पडदे धुवायला काढले होते. शेजारणीने भिंतीवरून डोकावून जे बघितलं, ते अजून विसरले नाही. तुमचं कुंड बुजवलं नसेल तर साफ करून घ्या आणि वर मोठी टाकी बसवा.

ऊन: शेजारच्या फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश होतं, त्या वेळी मी बीकानेरातच होते. दुपारी कडीला हात लावला तर चटका. पण खरं सांगू का, जुन्या हवेलीत जाड भिंतींमुळे आमच्या सरकारी क्वार्टरपेक्षा बरं असायचं. क्वार्टर म्हणजे निव्वळ भट्टी.

गुडघा: हा माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न. परकोट्यातल्या, म्हणजे जुन्या तटबंदीच्या आतल्या, हवेल्यांचे जिने उभे आणि पायऱ्या गुडघाभर उंच. चौकापर्यंत ऑटो येईल, गल्लीत नाही. त्यांना खालची खोली मिळते का बघा. गच्ची विसरा.

दवाखान्याची चिंता तेवढी नको. सरदार पटेल मेडिकल कॉलेज १९५९ पासून आहे, आजूबाजूच्या जिल्ह्यांतून लोक तिथेच येतात.

माझा सल्ला: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. रात्री थंडी कडाक्याची, पण दिवस सोन्यासारखा. होळीनंतर परत पुण्याला.

---

जुना_अडत्या

मोंढेकर, बहुतेक मी तुमच्या वडिलांना ओळखत असेन, पण नाव विचारत नाही.

कडू बोलतो. माझे काका असेच गेले होते, नागौरला. चौदा महिन्यांत परत आले. कारण ऊन नाही, पाणी नाही. कारण तीन खोल्या. तुम्ही म्हणता ‘आमच्या वाट्याच्या’. कागदावर कोणाच्या आहेत? काकांनी कुलूप उघडून एका भिंतीला खिळा ठोकला आणि दोन चुलत पुतण्यांचे सुरतेहून फोन. तोवर सहा वर्षांत एकालाही त्या भिंतीची आठवण नव्हती. बंद घरावर कोणाचंच भांडण नसतं हो, उघडलं की सुरू होतं. आधी चुलत भावांना विचारा, लेखी घ्या.

आणि लोक का गेले याबद्दल एक. ‘वाळवंट म्हणून गेले’ हे अर्धंच खरं. ही गावं वाळवंटात वसली कारण तिथून उंटांचे तांडे जायचे. मुलतान, सिंध, दिल्ली, गुजरातची बंदरं, सगळा माल तिथून. त्या रस्त्यावर जकात, त्या जकातीवर राजे, त्या मालावर शेठ. मग माल रेल्वेने आणि मुंबई-कलकत्त्याच्या बंदरांतून जायला लागला. बीकानेरला रेल्वे पोचली १८९१ मध्ये, ती माल आणायला कमी आणि माणसं न्यायला जास्त. त्यात छपन्याचा काळ, म्हणजे संवत १९५६ चा दुष्काळ, इसवी सन १८९९-१९००. आमच्या आजीच्या तोंडी शिवीसारखा असायचा तो शब्द. ताटात टाकलं की म्हणायची, छपना बघितला नाहीस तू.

म्हणजे गावाचा धंदाच निघून गेला आणि माणसं त्याच्या मागे गेली. धंदा परत आला नाही. मग माणूस परत जाऊन करणार काय? पाट्यावर बसणार?

---

थारवापसी

अडत्याजी, पाट्यावर बसणं हे इतकं वाईट काम नाही. :)

(बाकीच्यांसाठी: बीकानेरच्या जुन्या चौकांत मोठमोठे लाकडी पाट मांडलेले असतात. रात्री जेवणं झाली की पुरुषमंडळी त्यावर येऊन बसतात. राजकारण, सट्टा, लग्नं, कोणाचं काय, पहाटेपर्यंत. बायका बसत नाहीत, याची नोंद माझी बायको नेहमी करते आणि तिचं बरोबर आहे.)

मी जोधपूरचा. शिक्षण आणि पंधरा वर्षं नोकरी पुण्यात, म्हणून मराठी. २०२० मध्ये लॅपटॉप घेऊन घरी आलो तो राहिलो. आता सौर प्रकल्पांच्या देखभालीचं काम करतो. तेव्हा ‘धंदा परत आला नाही’ याला माझं निम्मं उत्तर आहे. जे ऊन आमचं वैर होतं तेच आता विकतात. भाडलाचा सोलर पार्क २२४५ मेगावॉटचा आहे. पण निम्मंच म्हणतो, कारण पॅनल एकदा बसले की माणसं किती लागतात? थोडे रखवालदार, थोडे पॅनल धुणारे, माझ्यासारखे काही. शिवाय त्यासाठी खेजडी तोडतात, आणि खेजडी म्हणजे आमच्याकडे सावली, चारा आणि सांगरीची भाजी एकाच झाडात. १७३० मध्ये खेजडलीला याच झाडांसाठी ३६३ बिश्नोईंनी जीव दिला. मी ज्या कामावर जगतो त्याविरुद्ध बीकानेरकडे धरणी चालतात आणि माझा सख्खा मामा त्या धरण्यात बसतो. दिवाळीला एकाच ताटावर बसतो आम्ही.

मी का परतलो हे विचाराल तर प्रामाणिक उत्तर: आई एकटी होती, आणि पुण्यात फ्लॅटचा हप्ता होता. कोरड्या हवेची ओढ वगैरे नंतर सुचलेली कारणं.

मोंढेकर, तुमच्या बाऊजींना ‘कुठे’ जायचंय ते कळलं. ‘कोणाकडे’ जायचंय ते विचारलंत का?

---

मोंढेकर

सगळ्यांचे आभार. अडत्याजी, कागदावर अजून आजोबांचंच नाव आहे. तुमचा खिळा वाचून घाम फुटला. तिन्ही चुलत घरांना फोन केले. कलकत्त्याचा भाऊ म्हणाला, ‘काका राहणार असतील तर उलट बरं, कबुतरं हटतील.’ लेखी मागायचं धाडस झालं नाही.

थारवापसी, विचारलं. बाऊजी म्हणाले, ‘कोणाकडे म्हणजे? घराकडे.’ आणि पेपर वर धरला.

ठरलं असं: नोव्हेंबरमध्ये नेणार. नाशिकच्या ताईंचा सल्ला.

---

मोंढेकर (चार महिन्यांनी)

धागा वर काढतोय.

नोव्हेंबर झालाच नाही. एप्रिलमध्ये एका सकाळी बाऊजी बॅग भरून सोफ्यावर बसलेले. आखातीजेला तिथे पोचायचं, नाहीतर मी एकटा जातो. आखातीज म्हणजे आपली अक्षय तृतीया. बीकानेरची स्थापना राव बीकाने वैशाख शुद्ध द्वितीयेला केली, १४८८ साली, आणि त्या दोन दिवसांत अख्खं शहर गच्चीवर पतंग उडवतं. संक्रांतीला नाही, तर वैशाखाच्या उन्हात. घरोघरी खीचडा आणि इमलाणी, म्हणजे चिंचेचं सरबत. बायको म्हणाली, वेडे आहेत. ती आली नाही. मी गेलो.

कुलूप कापावं लागलं. आत कबुतरांचं राज्य. नळाला नहरबंदी, ताईंनी सांगितलं होतं तशीच. कुंडात एक फूट गाळ आणि आजीची पितळी बादली.

आणि गल्ली भरलेली! कलकत्ता, सुरत, गुवाहाटी, चेन्नई, सगळ्या दिसावरांतून लोक आलेले. पोरांना सुट्ट्या, आखातीजेची लग्नं, वर पतंग. ज्या हवेल्यांना मी मनात ‘बंद’ म्हणून ठेवलं होतं त्यांच्या खिडक्यांत वाळत टाकलेल्या चड्ड्या. बाऊजींना कोणी ‘जालनावाले काका’ म्हणे, कोणी लहानपणचं टोपणनाव घेऊन हाक मारी (ते इथे लिहीत नाही, मला मारतील). रात्री पाट्यावर जी मांडी घातली ती दोन वाजता सोडली. ताई, गच्ची विसरा म्हणाला होतात. ते चढले. बसून, एकेक पायरी, पार्श्वभागावर. वर जाऊन माझ्या चुलत पुतण्याचा पतंग त्यांनी चाळीस सेकंदांत कटवून दिला. म्हणजे पुतण्याचाच कटला.

दहाव्या दिवशी मी विचारलं, आता नोव्हेंबरमध्ये परत येऊ ना, चार महिने राहायला? तेव्हा जे बोलले ते तसंच सांगतो. ‘सियाळ्यात इथे कोण असतं? पर्यटक आणि कबुतरं. थंडीत मी पुण्यात बरा. मला उन्हाळ्यात आण. सगळे उन्हाळ्यात येतात.’

तीन महिने आम्ही तापमानाचा तक्ता करत बसलो होतो.

तर आता व्यवस्था अशी: दर वर्षी आखातीज ते जूनअखेर बीकानेर, बाकी पुणे. कुंड साफ करून घेतलं, खालची खोली रंगवली, खिळा एकही ठोकला नाही, कॅलेंडर दोऱ्याने खिडकीला बांधलंय. सध्या तिथेच आहेत. समोरच्या घरातला एक मुलगा सकाळ-संध्याकाळ बघून जातो आणि मला बाऊजींच्या साखरेचा आकडा पाठवतो. काल २६० होती. विचारलं तर म्हणे, इमलाणीत गूळ असतो, साखर नाही.

ताई, तुम्ही तिथे नऊ वर्षं होतात: ही इमलाणी बिनगुळाची कोणी करतं का?

---

नाशिकची_माहेरवाशीण

करतात. काळं मीठ, भाजलेलं जिरं आणि पुदिना घालून. पण त्यांना सांगू नका, माठात परस्पर बदलून ठेवायला लावा त्या मुलाला. आणि आजीची बादली टाकून नका देऊ, नहरबंदीत लागेल.