कांद्याच्या मुळाच्या स्लाइडमध्ये विभाजन दिसत नाही, सगळ्या पेशी अंतरावस्थेतच (दोन विभाजनांच्या मधल्या काळात)?

प्रश्न (सांगली)
अकरावीच्या प्रात्यक्षिकासाठी मुळं ४ सेंमी वाढवली, टोकाचा सेंटिमीटरभर तुकडा ॲसिटोकार्मिनमध्ये रंगवला. नुसती गोल केंद्रकं दिसतात. मुलं विचारतात, या पेशी रिकाम्या बसलेल्या असतात का? आणि डीएनए दुप्पट होतो, मग कांद्याची गुणसूत्रं १६ ची ३२ का होत नाहीत?

उत्तर १ (सातारा)
तुकडा फार मोठा झाला सर. विभाजी ऊती (सतत विभाजन होणाऱ्या पेशी) मूलटोपीच्या लगेच मागे, टोकाच्या दोनेक मिलिमीटरमध्येच असते. त्याच्या वरच्या पेशी फक्त लांब होतात.

मुळं १ ते २ सेंमी झाली की सकाळी ८ ते १० दरम्यान कापा. इथेनॉल ३ भाग, ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड १ भाग, हे ताजं मिसळून त्यात २४ तास ठेवा. मग १ नॉर्मल एचसीएलमध्ये (हायड्रोक्लोरिक आम्लात) ६० अंशांवर ५ ते ८ मिनिटं. कमी पडलं तर पेशी एकमेकींवर चढलेल्या राहतात. जास्त झालं तर टोकाचा लगदा होतो आणि रंगही नीट धरत नाही. पाण्यानं धुऊन रंगवा. टोक गडद होतं, तेवढंच ठेवून बाकीचं ब्लेडनं काढून टाका. दाबताना कव्हरस्लिप सरकू देऊ नका.

लोणंदच्या बाजारात नुकताच आलेला कांदा मात्र सुप्तावस्थेत असतो, लवकर मुळं धरत नाही. जुना घ्या, पाण्याला फक्त तळ टेकवा.

उत्तर २ (मिरज)
रिकाम्या मुळीच नसतात! माणसाच्या पेशीचं चक्र साधारण २४ तासांचं धरलं तर प्रत्यक्ष विभाजन जेमतेम तासाभराचं. बाकीचा वेळ अंतरावस्थेचा, तिचे टप्पे तीन: जी-१, एस आणि जी-२. जी-१ मध्ये पेशी वाढते, आरएनए आणि प्रथिनं तयार करते. एस मध्ये डीएनएची प्रत निघते, डीएनए ज्यांच्यावर गुंडाळला जातो ती हिस्टोन प्रथिनंही तेव्हाच बनतात. जी-२ मध्ये तर्कूसाठी (गुणसूत्रं ओढणाऱ्या धाग्यांसाठी) लागणारं ट्यूब्युलिन हे प्रथिन तयार होतं.

प्रत निघाली तरी दोन्ही अर्धगुणसूत्रं (एकाच गुणसूत्राच्या दोन सारख्या प्रती) एकाच गुणसूत्रबिंदूला जोडलेली असतात, म्हणून मोजणी १६ च. पश्चावस्थेत (विभाजनाच्या नंतरच्या एका टप्प्यात) ती सुटतात, तेव्हा पेशीत थोडा वेळ ३२ असतात.

मुलांना हेही सांगा: डीएनएची प्रत अंतरावस्थेत निघते हे हॉवर्ड आणि पेल्क यांनी १९५३ मध्ये बाकल्याच्या मुळांवरच, किरणोत्सारी फॉस्फरस वापरून दाखवलं.

प्रश्नकर्ता
आभार. स्लाइडवर जी-१ आणि जी-२ वेगळे ओळखता येतील?

उत्तर २ (मिरज)
कार्मिनवर नाही. केंद्रक मोठं दिसलं म्हणून जी-२ लिहू देऊ नका. त्यासाठी फॉयल्गेन रंजन (फक्त डीएनए रंगवणारी पद्धत) करून प्रत्येक केंद्रकातला डीएनए मोजावा लागतो. वहीत 'अंतरावस्था' एवढंच लिहायला सांगा.