देल पिलार यांची स्पेनमधली सात वर्षं फुकट गेली का?

दर्यावर्दी
माझं मत: गेली. फिलिपिन्स तेव्हा स्पेनची वसाहत. मार्सेलो देल पिलार तिथले सुधारणावादी पत्रकार, पेशाने वकील, मनिलाला लागून असलेल्या बुलाकान प्रांतातले. पाद्र्यांविरुद्ध उघड उभे राहिले, अटक होणार हे दिसू लागलं, म्हणून ऑक्टोबर १८८८ मध्ये देश सोडला. १ जानेवारी १८८९ ला बार्सेलोनात उतरले, ते परत आलेच नाहीत. त्याच डिसेंबरात 'ला सोलिदारिदाद' या पाक्षिकाचं संपादन ग्रासियानो लोपेझ हाएना यांच्याकडून त्यांच्याकडे आलं. मुख्य मागणी एकच: स्पेनच्या संसदेत, म्हणजे कोर्तेसमध्ये, फिलिपिन्सचे प्रतिनिधी पुन्हा घ्या. १८३७ मध्ये काढून घेतलेल्या जागा नोव्हेंबर १८९५ मध्ये पत्र बंद पडेपर्यंत मिळाल्या नाहीत. याउलट बंड करून स्वातंत्र्य मिळवू पाहणाऱ्या कातिपुनान या गुप्त संघटनेच्या 'कालायान' या टागालोग पत्राचा १८९६ मध्ये एकच अंक वाटला गेला आणि सभासद भराभर वाढले. स्पॅनिश भाषेतलं, मायदेशात चोरून न्यावं लागणारं पत्र वाचणार कोण?

मांडवी
तुलनाच गंडली आहे. 'सोलिदारिदाद' बुलाकानच्या शेतकऱ्यासाठी नव्हतंच. ते खासदारांच्या आणि मंत्र्यांच्या टेबलावर पडावं म्हणून निघत होतं, त्यासाठीच बार्सेलोनाहून माद्रिदला हलवलं. गावकऱ्यांसाठी लिहायचं ते त्यांनी निघण्याआधीच लिहिलं होतं. 'दासालान आत तोक्सोहान' या टागालोग विडंबनात चर्चच्या प्रार्थना आणि दहा आज्ञा यांचा घाट जसाच्या तसा उचललाय, पण सगळा रोख मठवासी पाद्र्यांच्या पैशाच्या हावेवर.
आणि 'कालायान'चंच उदाहरण देताय? त्या अंकावर छापण्याचं ठिकाण जपानमधलं योकोहामा आणि संपादक देल पिलार असं ठोकून दिलं होतं, पोलिसांना चकवायला. अंक छापला मनिलात, आणि हे गृहस्थ स्पेनमध्ये. ज्याचं काम वाया गेलं त्याचं नाव कुणी मथळ्याखाली घालत नाही.

तळटीप
दोघांनीही व्यवहाराची बाजू सोडली. संसदेतलं काम का अडत होतं ते बघा. वसाहतमंत्री मानुएल बेसेर्रा सुधारणांना अनुकूल होते, ते जानेवारी १८९० मध्ये पदावरून गेले. जुलैत सागास्तांचं उदारमतवादी सरकार जाऊन कानोवासांचं पुराणमतवादी आलं. डिसेंबर १८९२ मध्ये परत सागास्ता, मार्च १८९५ मध्ये परत कानोवास. दर बदलाला ओळखी, अर्ज, भेटीगाठी पहिल्यापासून. मधल्या काळात पदरात पडलं ते १८९३ चा माउरा कायदा, तोही फक्त नगरपालिकांपुरता. १८९५ मध्ये सुमारे ७,००० सह्यांचा अर्ज एमिलिओ हुनोय या खासदाराने सभागृहात मांडला, पुढे काही हललं नाही.
दुसरं, पैसा. वर्गणी मनिलातून यायची. बोटीला महिनाभर, म्हणजे "पैसे पाठवा" या पत्राचं उत्तर हाती पडायला दोन महिने. जुलै १८९२ मध्ये चळवळीतले नामवंत लेखक होसे रिझाल यांना मिंदानाओ बेटावरच्या दापितानला हद्दपार केल्यावर मनिलातली मंडळीच फुटली: काहीजण पत्राला पैसे पुरवत राहिले, काहीजण कातिपुनानकडे वळले.

दर्यावर्दी
मग माझंच म्हणणं पुढे जातं. क्यूबाला १८७९ पासून कोर्तेसमध्ये जागा होत्या, तरी फेब्रुवारी १८९५ मध्ये बंड झालंच. आपल्या शेजारचं गोवा घ्या. बेर्नार्दो पेरेस दा सिल्वा १८२२ मध्येच पोर्तुगालच्या संसदेसाठी निवडून आले. पुढे लिस्बनने त्यांना गोव्याचे प्रीफेक्ट, म्हणजे सर्वोच्च प्रशासक नेमलं; १८३५ मध्ये त्यांनी सूत्रं हाती घेतली, तर स्थानिक गोऱ्या लष्करी मंडळींनी १७ दिवसांत हाकललं. जाग्यावरची ताकद हाती नसेल तर राजधानीतली खुर्ची काय कामाची?

मांडवी
पण जागा कायदे करण्यासाठी हवी होती असं तुम्ही गृहीतच धरलंय. फिलिपिन्समध्ये गव्हर्नर जनरल नुसत्या हुकमाने माणूस हद्दपार करू शकत होता. देल पिलार यांचे थोरले भाऊ तोरिबिओ स्वतः पाद्री, त्यांना १८७२ मध्ये दूर प्रशांत महासागरातल्या मारियाना बेटांवर धाडलं. रिझाल यांनाही खटल्याविना. गावात शाळेची तपासणी पाद्री करणार, चांगल्या वर्तणुकीचा दाखला पाद्री देणार. अशा ठिकाणी भर सभागृहात "या माणसाला का उचललं?" एवढं विचारणारा एकजण असणं हीच मोठी गोष्ट. ते कोर्तेसबाहेर कुठे विचारणार होते?

शिळाप्रेस
देल पिलार यांनी गरिबीत, थंडीत सिगारेटची थोटकं वेचली वगैरे गोष्टी कुणी काढल्या नाहीत, बरं झालं. खरी चूक १८९१ ची. माद्रिदच्या फिलिपिनो मंडळींचा पुढारी कोण, यावर रिझाल आणि देल पिलार यांचे गट भांडले. रिझाल निवडून आले, पण पद सोडून निघून गेले आणि 'सोलिदारिदाद'मध्ये लिहिणंही थांबवलं. पत्राचा सगळ्यात धारदार लेखक गेला, तोही सरकारच्या दडपशाहीने नव्हे, घरच्या भांडणाने. रिझाल त्या वर्षअखेरीला मायदेशाजवळच्या हाँगकाँगला पोचले. देल पिलार यांना तिकडे जावंसं वाटलं ते पत्र बंद पडल्यावर, आणि तोवर क्षयाने गाठलं होतं. ४ जुलै १८९६ ला बार्सेलोनाच्या इस्पितळात वारले. कातिपुनानचा उठाव ऑगस्टात सुरू झाला.

मांडवी
हाँगकाँगबद्दल सहमत, उशीर झाला. पण १८९९ ची मालोलोसची राज्यघटना, म्हणजे फिलिपिनो क्रांतिकारकांच्या प्रजासत्ताकाची घटना, काढून बघा. चर्च आणि शासन वेगळे ठेवणारं कलम ५ अवघ्या एका मताच्या फरकाने पास झालं, तेही त्यांच्याच बुलाकान प्रांतात.

दर्यावर्दी
एका मताच्या फरकाने! स्वतःच्या माणसांतही पाद्र्यांचा प्रश्न निम्माच सुटला होता, मग माद्रिदच्या मंत्र्यांना सहा वर्षं कशाला समजावत बसले?