काळा घोडा बघायला चाललोय. जुन्यातलं काय उरलंय तिथे?

लिनोवाली_अमळनेर

नमस्कार मंडळी. मी अमळनेरची, चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे, लिनोकट करते, म्हणजे लिनोलियमवर चित्र कोरून त्याचा ठसा छापते. फेब्रुवारीत आम्ही तिघी मैत्रिणी मुंबईला जातोय. एक अख्खा दिवस फोर्टातल्या काळा घोडा चौकासाठी ठेवलाय. रील्समध्ये कॅफे, रंगवलेल्या भिंती आणि फेस्टिव्हलची गर्दी दिसते. पण आमचे सर सांगतात की अरुण कोलटकर आणि दिलीप चित्रे हे कवी, प्रोग्रेसिव्ह ग्रुपचे चित्रकार, या सगळ्या बंडखोरांचा राबता त्याच भागात होता. त्यातलं आज काय बघायला मिळेल? फेस्टिव्हलच्या दिवसांत जावं की टाळावं?

आणखी एक. आम्हाला अहिराणीतून कविता आणि चित्रांचा छोटा अंक काढायचा आहे, आपल्या हातानं छापलेला. त्या दृष्टीनं तिथे काय बघून यावं?

भुसावळ_जंक्शन

पंजाब मेलनं सकाळी सीएसएमटीला उतरा आणि चालतच जा, वीसेक मिनिटांचा रस्ता आहे. टॅक्सी करू नका, फोर्टातल्या इमारती बघायच्या राहतील. सोमवार टाळा, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय बंद असतं. फेस्टिव्हलच्या शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते. जायचंच तर मधल्या वारी, दुपारच्या आत.

ट्रेडल_चाळीसगाव

ताई, माझा चाळीसगावात छापखाना आहे. ऐंशीच्या दशकात वडिलांबरोबर खिळे (छपाईची शिशाची अक्षरं), शाई, रूळ आणायला मुंबईला जायचो. माल बांधून होईपर्यंत वडील दुकानात थांबायचे आणि मला जहांगीर आर्ट गॅलरीत जायची मोकळीक असायची. त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे. जरा लांबण लागेल.

तुमच्या सरांनी जी नावं घेतली, त्यांचा काळा घोडा हा बसायच्या जागांचा काळा घोडा होता. कोलटकर दर गुरुवारी दुपारी वेसाइड इनमध्ये मित्रांबरोबर बसायचे. तिथल्या खिडकीतून त्यांना जे दिसलं, म्हणजे फुटपाथवरचे संसार, भटकी कुत्री, सकाळी इडल्या घेऊन येणारी बाई, त्यावर त्यांचा एक अख्खा इंग्रजी संग्रह आहे, २००४ साली आलेला. त्याच वर्षी ते गेले. ते हॉटेल आज नाही. जहांगीर गॅलरी १९५२ ची. तिच्या आत समोवार नावाचं उपाहारगृह होतं, १९६४ पासून. रेल्वेच्या डब्यासारखी लांबट, अरुंद जागा. मी तिथे चहा घेतलाय. शेजारच्या टेबलावर कोण बसलंय ते कळायचं नाही, पण चित्रावरून चाललेलं भांडण ऐकू यायचं, आणि एका चहावर कितीही वेळ बसलं तरी कुणी उठवायचं नाही. २०१५ ला ते बंद झालं. समोरचं ऱ्हिदम हाऊस २०१६ ला. ज्या पुतळ्यावरून चौकाला नाव पडलं, तो सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ मध्येच हलवला, आज तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. चौकात आता दिसतो तो घोडा २०१७ चा, त्यावर स्वार नाही.

तुमच्या अंकासाठी माझ्या लेखी महत्त्वाचं आहे ते पुढचं. या मंडळींनी प्रतिष्ठित मासिकांच्या दारात थांबायचं नाकारलं आणि स्वतःची अनियतकालिकं, म्हणजे ठरलेली तारीख नसलेले छोटे अंक, काढली. कोलटकर-चित्रे यांचं ‘शब्द’ पन्नाशीच्या दशकात सायक्लोस्टाइल करून निघालं. सायक्लोस्टाइल म्हणजे काय, तर मेणाचा स्टेन्सिल कागद रिबन न लावता टाइपरायटरवर ठोकायचा, किंवा लोखंडी टोकाच्या लेखणीनं त्यावर ओरखडायचं, मग तो शाईच्या रुळावर चढवून हँडल फिरवायचं. खिळे जुळवायला माणूस नको, चित्रांचे ठसे करणारा ब्लॉकमेकर नको, छापखान्याच्या मालकाची संमती नको. मग साठीच्या दशकात अशोक शहाणे यांचं ‘असो’ आलं, नेमाडे यांचं ‘वाचा’ आलं. ‘वाचा’ निघायचं औरंगाबादेतून आणि काढणारा माणूस आपल्या यावल तालुक्यातल्या सांगवीचा. म्हणजे ही चळवळ मुंबईतल्या एका चौकाची कधीच नव्हती, आणि अमळनेरहून अंक काढण्यात तुम्ही काही वेगळं करता आहात असं वाटून घेऊ नका.

पोट मात्र सगळ्यांचं दुसऱ्या कामावर चालायचं, हेही लक्षात असू द्या. कोलटकर जाहिरात क्षेत्रातले नावाजलेले कलाकार होते, नेमाडे शिकवायचे. प्रोग्रेसिव्ह ग्रुप १९४७ चा. त्यातल्या हुसेन यांनी सिनेमाची पोस्टरं रंगवली, आरा यांनी घरकाम केलं. अंकातून पैसा सुटेल असा हिशेब त्यांनी धरला नाही, म्हणून त्यांना हवं ते छापता आलं.

बघायचं म्हणाल तर जहांगीरच्या बाहेर फुटपाथवर चित्रं मांडून बसणाऱ्यांशी बोला. तिथे चित्रकार आपलं काम आपणच विकतो, मध्ये कुणी नाही. डेव्हिड ससून वाचनालयाची १८७० ची इमारत बघा. कॅफेत पैसे घालवू नका.

धुळेकर_परळात

काका, तुमचा शब्द न् शब्द पटला, पण फेस्टिव्हलबद्दल थोडं वेगळं सांगते. १९९९ पासून तो चालू आहे, रस्त्यावर होतो, तिकीट नाही. मी धुळ्याहून नोकरीला आले तेव्हा गॅलरीच्या काचेच्या दारातून आत जायचं धाडस होत नव्हतं. फेस्टिव्हलच्या गर्दीत पहिल्यांदा आत गेले. तेव्हा ताई, गर्दी असली तरी या. खासगी गॅलरींनाही प्रवेश फी नसते, विकत घेणार का असं कुणी विचारत नाही. थेट आत जायचं, वहीत नोंदी करायच्या. केमोल्ड गॅलरी १९६३ मध्ये जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर सुरू झाली, २००७ पासून ती फोर्टात प्रेस्कॉट रोडला आहे. तिथे जाच.

आणि फक्त काळा घोडा धरून बसलात तर निम्मंच हाती लागेल. नामदेव ढसाळांची कविता कामाठीपुऱ्यातून आली. त्यांचा पहिला संग्रह आणि दलित पँथर, दोन्ही १९७२ चे. एका चहावर बसायची चैनही ज्यांना नव्हती, त्यांनी मराठी भाषा मुळापासून हलवली. मला विचाराल तर त्या काळातलं सगळ्यात मोठं काम तेच आहे, आणि ते कुठल्याही फेस्टिव्हलच्या नकाशावर सापडत नाही. नाटकाचंही तसंच. दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये १९७४ पासून आविष्कार या नाट्यसंस्थेनं प्रायोगिक नाटकं केली. शाळेचा हॉल! ना मोठा रंगमंच, ना गाद्यांच्या खुर्च्या. परतीच्या गाडीला वेळ असला तर दादरला उतरून ती इमारत बाहेरून तरी बघा.

लिनोवाली_अमळनेर

काका, ताई, मनापासून आभार. मधल्या वारीच येतो आणि छबिलदास, केमोल्ड दोन्ही ठेवतो. काका, सायक्लोस्टाइल मशीन आता कुठे मिळेल? आणि लिनोचे ठोकळे तुमच्या ट्रेडल छपाई यंत्रावर चालतील का? कविता अहिराणीत आहेत. काही अक्षरं आम्ही लिनोतच कोरली आहेत.

भुसावळ_जंक्शन

अहिराणी अंक निघाला की इथे कळवा, माझी प्रत आत्ताच धरून ठेवा.

ट्रेडल_चाळीसगाव

ताई, सायक्लोस्टाइलच्या मागे लागू नका. मशीन भंगारात मिळेलही, पण स्टेन्सिल मिळवताना दमून जाल. ट्रेडल माझ्याकडे चालू आहे, त्यावर छापू. कागद तुमचा, शाई माझी.

मुंबईहून येताना चाळीसगावला उतरा. कलामहर्षी केकी मूस यांचं संग्रहालय आधी बघू. पारशी माणूस, १९१२ चा जन्म, मुंबईचा. आयुष्य काढलं ते आमच्या गावात, जवळजवळ घराबाहेर न पडता, आणि त्या चार भिंतींत टेबल-टॉप फोटोग्राफीचं, म्हणजे टेबलावर छोट्या वस्तूंतून देखावा मांडून त्याचे फोटो काढण्याचं, असं काम उभं केलं की तुम्ही तिघी बघत राहाल. १९८९ ला गेले. काळा घोडा बघून आल्यावर तर ते बघायलाच हवं.

ठोकळ्यांचं आत्ताच लिहून घ्या. लिनो पातळ असतो, तो सपाट, न वाकणाऱ्या लाकडावर डकवा. लिनो आणि लाकूड मिळून उंची २३.३ मिलिमीटर भरली पाहिजे, खिळ्यांची उंची तेवढीच असते. कमी भरली तर शाई लागणार नाही, जास्त भरली तर कागद फाटेल आणि रूळ कापला जाईल. अर्ध्या मिलिमीटरची कसर असली तर मागून कागद लावून मी भरून काढीन, त्याहून जास्त नको. ठोकळा ए-फाइव्हपेक्षा मोठा करू नका, माझं ट्रेडल लहान आहे.